गोव्यातील पूर आणि ड्रोनची छायाचित्रे: मदतकार्यासाठी ती खुली कशी ठेवावीत

२३ जुलै २०२१ रोजी म्हादई पात्राबाहेर पडली आणि सत्तरीसह नदीकाठच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे त्या वेळी मुख्यमंत्र्यांनी सांगितले होते. त्याआधी दोन महिने, मे महिन्याच्या मध्यावर, तौक्ते चक्रीवादळाने राज्यभर झाडे आणि वीजखांब आडवे केले होते. आणि २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात डोंगरउतारावरून आलेल्या लोंढ्याने घरे उद्ध्वस्त केली होती. या तिन्ही आपत्तींचे स्वरूप वेगळे होते, पण मदतीला निघालेल्या माणसांना पडणारे प्रश्न अशा वेळी सारखेच असतात. व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे किती घरे आहेत, सांकव शाबूत आहे की गेला, गाडी कोणत्या वाड्यापर्यंत जाईल, खाजनाचा, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीचा, बांध नेमका कुठे फुटला, हे त्यांना घटकाभरात कळणे आवश्यक असते.

आज गोव्यात लग्नांसाठी, हॉटेलांच्या जाहिरातींसाठी आणि जमिनींच्या मोजणीसाठी ड्रोन सर्रास उडतात. त्यातून निघालेली हजारो छायाचित्रे कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये पडून असतात आणि आपत्तीच्या वेळी ती कुणालाही सापडत नाहीत. सापडली तरी ती वापरण्याचा अधिकार आहे की नाही, हे ठाऊक नसते. अधिकार असला तरी ती नकाशावर बसलेली नसतात. म्हणून या मार्गदर्शनाचा भर ड्रोन उडवण्याच्या कौशल्यापेक्षा त्यानंतरच्या कामावर आहे. पुराच्या दिवशी पाऊस आणि वाऱ्यात ड्रोन उडवणे बहुधा अशक्य असते, त्यामुळे सर्वांत मोलाचे चित्रण एप्रिल आणि मे महिन्यांत, पाऊस सुरू होण्याआधी होते. आपत्तीनंतरच्या चित्राला अर्थ येतो तो शेजारी ठेवायला आधीचे चित्र असेल तेव्हाच, आणि ते आधीचे चित्र सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात उपलब्ध असले पाहिजे.

परवानगी आणि गावाची संमती

ड्रोनसंबंधीचे सध्याचे मूळ नियम २०२१ च्या ऑगस्टमध्ये अधिसूचित झाले. त्यांनुसार ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या व लाल विभागांत वाटलेले आहे. हिरव्या विभागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, वेगळ्या परवानगीविना उड्डाण करता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. दोन किलोपर्यंतचा ड्रोन बिगरव्यावसायिक कामासाठी उडवणाऱ्याला वैमानिक प्रमाणपत्राची सक्ती नाही; त्याहून जड ड्रोनसाठी आहे. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला तृतीय पक्ष विमाही लागतो.

गोव्यापुरते पाहिले तर ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळीला नौदलाचा हंसा तळ आहे, आणि मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू आहे. दाबोळीचे वर्तुळ मुरगाव तालुका व्यापून पणजीच्या आसपासपर्यंत येते आणि मोपाचे वर्तुळ पेडणे तालुक्याचा बहुतेक भाग झाकते. त्यामुळे प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी अधिकृत आकाश-नकाशा पुन्हा तपासणे गरजेचे आहे. गेल्या वर्षी हिरवे असलेले ठिकाण याही वर्षी हिरवेच असेल, असे गृहीत धरू नये. अभयारण्यांच्या हद्दीत वन खात्याची परवानगी घ्यावी. नौदल, तटरक्षक दल आणि बंदर यांच्या परिसराचे चित्रण टाळावे, आणि दूरच्या उड्डाणातही त्यांचा भाग चौकटीत येणार नाही अशी आखणी करावी.

कायदेशीर परवानगीपेक्षा अवघड, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, गोष्ट म्हणजे गावाची संमती. गोव्यात जमिनीचा प्रश्न नाजूक आहे. डोक्यावर ड्रोन घोंघावू लागला की लोकांच्या मनात पहिली शंका येते ती जमीन रूपांतराची, बांधकामावर येणाऱ्या नोटिशीची किंवा एखाद्या प्रकल्पाच्या सर्वेक्षणाची. आणि ही शंका निराधार म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण खुले केलेले चित्र कोण कशासाठी वापरील, यावर आपले नियंत्रण राहत नाही. म्हणून विषय आधी ग्रामसभेत मांडावा. कोणता भाग टिपणार, किती बारकावा दिसेल, चित्र कुठे ठेवले जाईल आणि ते कुणालाही पाहता येईल, हे स्पष्टपणे सांगावे. खाजनाचा भाग असेल तर बांधांची देखभाल पाहणाऱ्या कुळांच्या संघटनेशी आणि कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या परंपरागत सामूहिक संस्थेच्या, जमिनी असतील तर तिच्या पदाधिकाऱ्यांशी बोलावे. एखाद्या वाड्याने नकार दिला, तर तो वाडा वगळावा. संमती मिळाल्यास ठरावाची प्रत चित्राच्या नोंदीसोबत जपून ठेवावी. पुढे प्रश्न आला तर तीच उपयोगी पडते.

काय टिपावे

संपूर्ण तालुका टिपण्याचा मोह धरू नये. जिथे पाणी चढते, दरड कोसळते किंवा रस्ता तुटतो, असे चार-पाच चौरस किलोमीटर नीट टिपलेले अधिक उपयोगाचे असतात. अशी ठिकाणे शोधायला यंत्र लागत नाही. तलाठी, पंच, अग्निशामक दलाचे जवान आणि गावातील वयस्क शेतकरी ती तोंडपाठ सांगतात. साखळीचा बाजार आणि वाळवंटीचा काठ, म्हादईकाठचे सत्तरीतील वाडे, तिळारीचे पाणी सोडल्यावर धोक्यात येणारी डिचोली आणि पेडण्याची गावे, काणकोणातील तळपण आणि गालजीबाग नद्यांची खोरी, तसेच चोडण, दिवाडी यांसारख्या बेटांवरील खाजने यांना अग्रक्रम द्यावा.

खाजनाच्या चित्रणाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची जमीन. बांध आणि मानस (पाण्याची ये-जा रोखणारी दारे) यांच्या आधाराने ती खाऱ्या पाण्यापासून राखलेली असते. उधाणाच्या भरतीला मुसळधार पावसाची जोड मिळाली की बांधाला भगदाड पडते आणि खारे पाणी शेतात शिरते. हे भगदाड वेळेत दिसले तर ते बुजवण्याचा खर्च आणि श्रम कितीतरी कमी होतात. बांधाचा माथा, त्याची बाहेरची बाजू आणि मानशीची दारे दिसावीत यासाठी चित्रण ओहोटीच्या वेळी करावे, आणि नोंदीत तारखेबरोबर घड्याळाची वेळ व भरती-ओहोटीची स्थिती अवश्य लिहावी. भरतीच्या वेळी टिपलेले चित्र ओहोटीच्या चित्राशेजारी ठेवले, तर चित्रावरून नकाशा रेखाटणाऱ्या, दूर बसलेल्या स्वयंसेवकाला नित्याची भरती हाच पूर वाटू शकतो. असा गैरसमज झाला तर मदत चुकीच्या ठिकाणी वळते.

उड्डाण

एक इंची सेन्सरचा आणि २० मेगापिक्सेलचा नेहमीचा कॅमेरा १२० मीटर उंचीवरून जमिनीचा सुमारे १८० बाय १२० मीटरचा तुकडा टिपतो आणि त्यातील एक पिक्सेल साधारण सव्वातीन सेंटिमीटर जमिनीइतका असतो. घर, रस्ता, सांकव, बांध ओळखण्यासाठी हा बारकावा पुरेसा आहे, किंबहुना गरजेपेक्षा जास्तच आहे. ही छायाचित्रे जोडून सलग चित्र तयार व्हायचे असेल, तर उड्डाणाच्या दिशेने ८० टक्के आणि शेजारच्या रांगांमध्ये ७० टक्के भाग एकमेकांवर यायला हवा; यालाच आच्छादन म्हणतात. या हिशेबाने एका चौरस किलोमीटरला जवळपास आठशे छायाचित्रे लागतात. बॅटऱ्यांची आणि मेमरी कार्डांची तयारी त्या बेताने करावी.

गोव्याच्या भूप्रदेशात तीन अडचणी हमखास येतात. पहिली पाण्याची. नदीच्या किंवा भरलेल्या शेताच्या सलग पृष्ठभागावर जोडणीसाठी ओळखीच्या खुणा नसतात आणि सॉफ्टवेअर तिथे चित्र फाडते, म्हणून प्रत्येक रांगेची दोन्ही टोके जमिनीवर येतील अशी आखणी करावी आणि आच्छादन वाढवावे. ऐन दुपारी पाण्यावरून सूर्याची तिरीप थेट कॅमेऱ्यात येते; सावल्या फार लांब नसतील आणि तिरीपही नसेल अशी सकाळची मधली वेळ निवडावी. दुसरी अडचण झाडांची. कुळागरात माडपोफळींच्या छताखालची घरे वरून दिसतच नाहीत. त्यासाठी सरळ खाली पाहणाऱ्या चित्रणाबरोबर तिरक्या कोनातून काही छायाचित्रे घ्यावीत आणि घरांची जागा गावातल्या माणसासोबत चालत जाऊन नोंदवावी. तिसरी अडचण चढउतारांची. ड्रोनचे ॲप उंची बहुधा उड्डाणस्थळापासून मोजते. सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या उतारांवर दरीतून उडालेला ड्रोन टेकडीच्या माथ्यावर जमिनीच्या फार जवळ येतो, तिथे आच्छादन कमी पडते आणि अपघाताचाही धोका असतो. उलट माथ्यावरून उडवला तर दरीवर तो १२० मीटरची मर्यादा ओलांडतो. भूरूपाप्रमाणे उंची बदलण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर उताराचे टप्पे पाडून वेगवेगळी उड्डाणे करावीत.

अचूकता आणि कायदा

बारकावा आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील फरक कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. चित्रात तीन सेंटिमीटरची वस्तू दिसते म्हणून ती नकाशावर तीन सेंटिमीटरच्या अचूकतेने बसलेली असते असे नाही. साध्या ड्रोनचा जीपीएस संपूर्ण चित्र काही मीटर इकडे-तिकडे सरकवू शकतो. ते जागेवर आणण्यासाठी जमिनीवर ठळक खुणा ठेवून त्यांचे स्थान अचूक उपकरणाने मोजतात, किंवा तशी सोय असलेला ड्रोन वापरतात.

केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी भूस्थानिक माहितीविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनी पूर्वीची परवान्यांची बहुतेक बंधने काढून टाकली आणि भारतीय नागरिक व संस्थांना नकाशे तयार करण्याची मोकळीक दिली. मात्र क्षैतिज दिशेत १ मीटर आणि उंचीत ३ मीटर या उंबरठ्यापेक्षा अधिक अचूक असलेली माहिती भारतीयांच्याच मालकीची असावी आणि ती भारतातच साठवली जावी व तिच्यावरील प्रक्रियाही भारतातच व्हावी, अशी अट त्यांत आहे. हवाई चित्रे खुली ठेवण्याची जगातील प्रमुख सोय, ओपनएरियलमॅप, परदेशी सर्व्हरवर आहे, हे लक्षात घेता या अटीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

माझा सल्ला असा की एकाच चित्रणाच्या दोन आवृत्त्या कराव्यात. जमिनीवरील खुणांनी बांधलेली अचूक आवृत्ती आणि उंचीचे प्रतिमान (जागोजागची उंची सांगणारी फाइल) भारतातील साठवणीत ठेवावे आणि जिल्हा प्रशासन, पंचायत व अभियंत्यांना थेट द्यावे. जगासमोर ठेवायची आवृत्ती केवळ ड्रोनच्या साध्या जीपीएसवर बसलेली असावी आणि तिची अंदाजे अचूकता नोंदीत स्पष्ट लिहावी. घरे आणि रस्ते रेखाटणाऱ्या स्वयंसेवकांचे काम काही मीटरच्या फरकाने अडत नाही, कारण चित्र आधीच्या नकाशाशी जुळवून घेण्याची सोय त्यांच्या साधनांत असते. शंका असेल तिथे जाणकाराचे लेखी मत घ्यावे आणि मगच चित्र चढवावे.

छायाचित्रांपासून नकाशापर्यंत

सुटी छायाचित्रे जोडून सलग, भौगोलिक स्थान असलेले चित्र तयार करण्यासाठी ओपनड्रोनमॅप हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि वेबओडीएम या त्याच्या रूपात ब्राउझरमधून काम करता येते. ते स्वतःच्या संगणकावर चालते. पावसाळ्यात इंटरनेटचा भरवसा नसताना हा मोठाच आधार आहे. काहीशे छायाचित्रांसाठी किमान १६ जीबी मेमरी असलेला संगणक हवा, आणि वीज गेल्यावर अर्धवट राहिलेली प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागू नये म्हणून इन्व्हर्टरची सोय आधी करावी. सपाट भागासाठी जलद चित्राचा पर्याय त्यात दिलेला आहे. आपत्तीच्या दिवशी तोच वापरावा आणि सावकाश, संपूर्ण प्रक्रिया नंतर करावी.

तयार झालेले चित्र क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडून डोळ्यांखालून घालावे. पुलाचे कठडे वाकडे झालेत का, घरांची छपरे दुभंगलीत का, नदीवर काळे तुकडे उरलेत का, आणि रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या खुल्या नकाशावरील रस्त्यांशी साधारण जुळतात का, हे पाहावे. सदोष भाग झाकण्याचा प्रयत्न न करता नोंदीत तसे लिहावे. उंचीच्या प्रतिमानाबाबत विशेष खबरदारी हवी. जीपीएसची उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, आणि आपल्या भागात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा कित्येक दहा मीटरांनी वेगळी असते. कोणत्या आधारावरून उंची मोजली हे न लिहिता दिलेल्या प्रतिमानावरून कुणी पुराच्या पाण्याची खोली काढली, तर ते थेट जिवावर बेतू शकते.

अंतिम फाइल क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ (भौगोलिक स्थान नोंदलेली चित्र-फाइल) या स्वरूपात ठेवावी. या स्वरूपात पाहणाऱ्याला संपूर्ण फाइल उतरवून न घेता हवा तेवढाच तुकडा वाचता येतो. लाल, हिरवा, निळा असे तीन पट्टे आणि रिकाम्या कडा पारदर्शक, एवढी रचना पुरेशी आहे. गोवा यूटीएम या जगभर वापरल्या जाणाऱ्या नकाशा-प्रक्षेपाच्या ४३ उत्तर या विभागात येतो. तो प्रक्षेप फाइलमध्ये नोंदलेला आहे याची खात्री करावी. सव्वातीन सेंटिमीटर बारकाव्याचे एक चौरस किलोमीटरचे चित्र दाबणीशिवाय (कॉम्प्रेशनविना) पावणेतीन जीबीच्या आसपास भरते. जेपीईजी दाबणी वापरली की ते काही शे एमबीवर येते. त्याबरोबरच १० सेंटिमीटर बारकाव्याची, साधारण नवव्या हिश्श्याची हलकी प्रत तयार करावी. वाळपईच्या पुढे मोबाइलच्या एका काडीवर काम करणाऱ्या पथकाला तीच उघडता येते.

परवाना

चित्र इंटरनेटवर टाकले म्हणजे ते खुले झाले, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात परवाना लिहिलेला नसेल तर कायद्याने सर्व हक्क हक्कधारकाकडेच राहतात, आणि जबाबदार संस्था अशा चित्राला हात लावत नाहीत. दाखवण्यापुरते दिलेले आणि वापरण्यासाठी दिलेले चित्र यांत हाच फरक आहे. त्यामुळे परवाना शब्दांत आणि फाइलच्या नोंदीतच लिहावा.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय ४.० हा परवाना या कामाला योग्य आहे. त्याखाली श्रेय देऊन कुणीही चित्र वापरू शकतो, बदलू शकतो आणि पुढे देऊ शकतो. ‘केवळ बिगरव्यावसायिक वापरासाठी’ असे बंधन घालण्याची इच्छा अनेकांना होते. त्यामागची भावना मला समजते, कारण आपल्या गावाच्या चित्रावर कुणी बिल्डरने पैसे कमवावेत असे कुणालाच वाटत नाही. तरीही या बंधनामुळे चित्र मदतकार्यात अडखळते. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा कुणीही कोणत्याही कामासाठी वापरू शकतो, त्यामुळे बिगरव्यावसायिक अटीच्या चित्रावरून त्यात रेखाटन करायचे तर हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. ज्या जागा बिल्डरपासून जपायच्या आहेत त्या ग्रामसभेतच वगळाव्यात आणि उरलेल्याचा परवाना मोकळा ठेवावा. सीसी बायबरोबरच ‘या चित्रावरून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रेखाटन करण्यास परवानगी आहे’ हे वाक्यही स्वतंत्रपणे लिहावे.

चित्रण पैसे देऊन करून घेतले असेल, तर हक्क कुणाचा हे करारात आधी ठरवावे. हौशी छायाचित्रकाराने स्वेच्छेने दिले असेल तर त्याच्याकडून ईमेलवर दोन ओळींची लेखी संमती घ्यावी.

कुठे ठेवावे, कसे नोंदवावे

ओपनएरियलमॅप ही सोय ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था चालवते. २०१० च्या हैती भूकंपानंतर उपग्रहचित्रे खुली झाली आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी त्यांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचा नकाशा काही दिवसांत उभा केला. त्या अनुभवातून ही संस्था आकाराला आली. ओपनएरियलमॅपवर खाते उघडून जिओटिफ चढवता येते. वेबओडीएममधूनही ती थेट पाठवता येते. कच्ची छायाचित्रे तिथे जोडली जात नाहीत, म्हणून जोडलेले चित्रच न्यावे लागते. चढवलेल्या चित्राचा नकाशा-दुवा मिळतो आणि तो क्यूजीआयएसमध्ये किंवा ओपनस्ट्रीटमॅपच्या संपादकात पार्श्वभूमी म्हणून लावता येतो.

नोंदीतील रकाने कंटाळून भरू नयेत. शीर्षकात गाव, तालुका, गोवा आणि महिना-वर्ष असावे. ‘ड्रोन फायनल २’ अशा नावाचे चित्र घाईच्या वेळी कुणाला सापडत नाही. गावाचे नाव मराठी-कोंकणीत आणि रोमी लिपीतही द्यावे, कारण शोधणारा गोव्याबाहेरचा असू शकतो. चित्रण सुरू आणि संपल्याची वेळ, कॅमेरा, उंची, अंदाजे अचूकता, भरती-ओहोटी आणि संपर्कासाठी व्यक्तीऐवजी संस्थेचा किंवा गटाचा पत्ता द्यावा.

यानंतरचा टप्पा सर्वाधिक वेळ घेतो आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते: चित्रावरून घरे, पायवाटा, सांकव, बांध आणि मानशी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रेखाटणे. हे काम मे महिन्यात महाविद्यालयाच्या संगणक कक्षात विद्यार्थ्यांसोबत करता येते, आणि वाड्यांची स्थानिक नावे भरण्यासाठी त्याच गावची मुले असतील तर फारच उत्तम. पुराच्या दिवशी अग्निशामक दलाला दोन जीबीचे चित्र नको असते. या वाड्यात २३ घरे आहेत आणि वाट इथून जाते, एवढेच त्याला हवे असते.

आपत्तीच्या दिवशी

प्रशासनाने सांगितल्याशिवाय ड्रोन वर चढवू नये. नौदल आणि तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरे कमी उंचीवरून उडत असतात आणि एका ड्रोनमुळे बचावकार्य थांबवावे लागू शकते. राज्य सरकार आणि पोलीस ९६ तासांपर्यंत एखादा भाग तात्पुरता लाल विभाग, म्हणजे उड्डाणबंदीचा भाग, म्हणून जाहीर करू शकतात, याचे भान ठेवावे. त्यासाठी पावसाआधीच जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती कक्षाला भेटून आपला गट, ड्रोनचे ओळख क्रमांक आणि दूरध्वनी नोंदवून ठेवावेत, म्हणजे गरज पडली तर बोलावणे त्यांच्याकडूनच येईल.

बोलावणे आले आणि पावसाने उघडीप दिली, तर एकच प्रश्न घेऊन लहान उड्डाण करावे: हा बांध कुठे फुटला, किंवा हा रस्ता कुठपर्यंत मोकळा आहे. उत्तराचे चित्र बाणाची खूण, वेळ आणि ठिकाण घालून आधी नियंत्रण कक्षाला द्यावे आणि खुले प्रकाशन नंतर करावे. मोबाइलचे जाळे बंद पडले असेल तर हलकी प्रत फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडणाऱ्या नकाशा-ॲपसाठी बदलून पेन ड्राइव्हवर न्यावी, आणि पंचायतीसाठी ए-३ आकाराच्या कागदावर छापून द्यावी. भिजू नये म्हणून तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालावा.

काय प्रसिद्ध करू नये, हेही त्याच दिवशी ठरवावे लागते. छपरावर अडकलेली माणसे, मृतदेह, निवारा केंद्रातील कुटुंबे, ओळखू येणारे चेहरे आणि वाहनांचे क्रमांक असलेली तिरकी छायाचित्रे खुली करू नयेत. सोडून दिलेली, कुलूपबंद घरे दाखवणारे ताजे चित्र लोक परतेपर्यंत मागे ठेवावे. संकटात सापडलेल्या माणसाला संमती देण्याची किंवा नाकारण्याची उसंत नसते, म्हणून त्याची अब्रू राखण्याची जबाबदारी चित्र टिपणाऱ्यावर येते.

ढग दाटलेले असताना ड्रोनचा आग्रह सोडून उपग्रहांकडे वळावे. युरोपच्या सेंटिनेल-१ या उपग्रहाचे रडार ढगांतून आणि रात्रीही पाहू शकते आणि त्याची माहिती सर्वांना विनामूल्य मिळते. त्यात घरे दिसत नाहीत, पण पसरलेले पाणी दिसते. आपल्या मे महिन्यातील चित्रावर ते ठेवले की कोणते वाडे पाण्यात आहेत याचा अंदाज बांधता येतो. मोठ्या आपत्तीत इस्रोचे हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पूरनकाशे तयार करते आणि भुवन संकेतस्थळावर ठेवते.

पाणी ओसरल्यानंतर, पहिल्या कोरड्या दिवसांत, तोच भाग त्याच उंचीवरून आणि शक्यतो ओहोटीच्या त्याच स्थितीत पुन्हा टिपावा. ही जोडी पंचनाम्याला आणि बांधदुरुस्तीच्या अंदाजपत्रकाला आधार देते. नुकसान झालेल्या शेतकऱ्याला अर्जासोबत जोडण्यासाठी तिची छापील प्रत पंचायतीत विनामूल्य ठेवावी. जुने चित्र ओपनएरियलमॅपवरून काढू नये. त्याच्या शीर्षकात ‘पुराआधीचे’ आणि नव्याच्या शीर्षकात ‘पुरानंतरचे’ असे लिहावे. कच्ची छायाचित्रे दोन वेगवेगळ्या तालुक्यांत ठेवलेल्या डिस्कवर जपावीत, आणि पुढच्या एप्रिलची ग्रामसभा गाठण्यासाठी पंचायतीच्या सचिवांकडे विषयाचे पत्र मार्चमध्येच द्यावे.